"वैनी, कंपनी कर्ज घेते म्हणजे मोठी आहे!"

एरंडोल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव-गाव बदललंय. वय ४३. मिस्टरांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, मुलगी बारावीला आहे आणि तिला इंजिनीअरिंगला पाठवायचंय. हायवेच्या चौपदरीकरणात गेलेल्या शेताचा वाढीव मोबदला आत्ता हातात आला, ह्यांच्या वाट्याला ३२ लाख आलेत. धाकटे दीर सुरतला असतात, त्यांच्या ओळखीतली एक गुंतवणूक कंपनी आहे. लोकांचे पैसे, त्यात बँकांचं कर्ज, असं सगळं मिळून शेअर्स आणि प्रॉपर्टीत लावते आणि आपल्याला वर्षाला १८ टक्के देते, म्हणजे महिन्याला दीड टक्का, घरपोच. कागद म्हणून स्टॅम्पपेपरवर करारनामा आणि पुढच्या तारखांचे चेक. दीर म्हणतात, "वैनी, बँका उगाच कर्ज देत नाहीत, कर्ज घेते म्हणजे कंपनी मोठी आहे." वर असंही म्हणतात की तुमचं सोनं ११ टक्क्यांनी तारण ठेवून अजून ८ लाख टाका, १८ मधून ११ गेले की ७ टक्के फुकटचे. अमळनेरच्या लोकांनी विप्रोच्या शेअरची रिस्क घेतली म्हणून ते करोडपती झाले, हेही सांगून झालंय. मिस्टरांनी 'बुकिंग'चा १ लाख देऊनही टाकलाय. ताई विचारतात, "माझे वडील म्हणायचे, कर्ज असलेल्या माणसाच्या दारात उभं राहू नये. कर्ज काढून गुंतवणाऱ्या कंपन्या वाईटच असतात का, की मीच जुन्या विचारांची आहे? नाही म्हटलं तर घरात वाकडं येईल."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि आधी वडिलांच्या शब्दाबद्दल बोलू, कारण तुम्ही त्याच शब्दावर अडून बसलायत आणि दीर त्याच शब्दावरून तुम्हाला मागासलेलं ठरवतायत. वडिलांचं म्हणणं अनुभवाचं आहे, पण कंपनीच्या बाबतीत ते जसंच्या तसं लागू होत नाही. बँक स्वतः लोकांचे ठेवीचे पैसे घेऊनच चालते, गाडीचं लोन देणारी फायनान्स कंपनी दुसऱ्याकडून घेऊनच तुम्हाला देते, जळगावातला दालमिलवाला सीझनला बँकेचं कॅश क्रेडिट उचलूनच तूर भरतो. कर्ज आहे एवढ्यावरून कंपनी वाईट ठरत नाही. आणि दीर म्हणतात तशी कर्ज आहे एवढ्यावरून मोठीही ठरत नाही. दोघांनी प्रश्न एकाच जागी सोडलाय. कर्ज किती, कोणाचं, किती दिवसांचं, आणि मागायला पहिलं कोण येणार, हे कोणीच विचारलेलं नाही.

कर्जानं नफा कसा फुगतो ते आधी बघू, कारण ह्यात जादू काहीच नाही. समजा कंपनीचे स्वतःचे १०० रुपये आहेत, तिनं १० टक्क्यांनी २०० उचलले आणि ३०० रुपये बाजारात लावले. बाजारानं १४ टक्के दिले तर ४२ रुपये आले, २० व्याजाचे गेले, २२ उरले. स्वतःच्या १०० वर २२ टक्के! कर्ज नसतं तर १४ च मिळाले असते. इथपर्यंतचं गणित तुम्हाला प्रत्येक एजंट कागदावर मांडून दाखवेल. आता तोच कागद उलटा करा. बाजार नुसता ४ टक्के वाढला तर १२ आले, २० द्यायचेत, म्हणजे ८ घरातून गेले, बाजार वाढूनसुद्धा. १० टक्के पडला तर ३० तिकडे गेले, २० व्याजाचे, म्हणजे १०० चे ५० राहिले. आणि ३० टक्के पडला तर ९० आणि २० मिळून ११० गेले, स्वतःचं सगळं संपलं आणि वर देणं उरलं. शेअरबाजार ३० टक्के पडणं काही अघटित नाही, २००८ साली त्याहून जास्त पडला होता आणि मार्च २०२० मध्ये तर थोड्या आठवड्यांत तेवढा पडला.

पण खरी मेख पडण्यात नाही, थांबता येण्यात आहे. म्हणून अमळनेरबद्दल बोलायलाच हवं, कारण दिरांनी उदाहरण बरोबर निवडलंय आणि अर्थ उलटा लावलाय.

१९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या साध्या साध्या लोकांनी तिचे शेअर घेऊन ठेवले, बोनसवर बोनस शेअर मिळत गेले, पिढ्या बदलल्या. पण २००० च्या फेब्रुवारीतल्या शिखरावरून विप्रोचा शेअर पुढच्या दीड-दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त पडला होता हे कोणी सांगत नाही. तेव्हा ज्यांच्या पेटीत तो शेअर स्वतःच्या पैशाचा होता ते वाईट वाटून घेऊन गप्प बसले, बस एवढंच. त्यांच्या दारात येऊन "आत्ताच्या आत्ता विका आणि माझे पैसे द्या" म्हणणारं कोणी नव्हतं. हाच शेअर कोणी कर्जावर घेतला असता तर तो पहिल्या २५-३० टक्क्यांच्या पडझडीतच सावकारानं विकून टाकला असता, मग नंतरची वाढ कोणाच्याही कामाची नाही. बाजारात ह्याला मार्जिन कॉल म्हणतात, भाव पडला की तारण कमी पडतं, जास्तीचे पैसे आणा नाहीतर आम्ही विकतो. आणि सगळ्यांना एकाच वेळी विकावं लागलं की भाव अजून पडतो, मग पुढच्याला कॉल येतो. तेव्हा अमळनेरकरांनी रिस्क घेतली हे खरं, पण त्यांची रिस्क बिनकर्जाची होती, आणि म्हणून त्यांना थांबता आलं.

मोठमोठ्या कंपन्या नेमक्या इथेच अडकतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाचा फंड होता, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले दोन माणसं त्यात भागीदार होते, १९९८ च्या सुरुवातीला स्वतःचं भांडवल साधारण ४.७ अब्ज डॉलर आणि उचललेलं १२५ अब्जांच्या घरात. रशियानं ऑगस्टमध्ये देणी थकवली, बाजार उलटा फिरला, आणि महिनाभरात १४ बँका-कंपन्यांनी मिळून ३.६ अब्ज ओतून तो सावरून घ्यावा लागला. त्यांचे बरेच अंदाज पुढे बरोबर ठरले असते असं आजही म्हणतात, पण तोवर थांबायला हातात पैसे कुठे होते? दीर म्हणतात कंपनीत आयआयटीवाले आणि सीए आहेत, तर त्यावर माझं उत्तर हेच. हुशारीनं कर्जाची तारीख पुढे जात नाही.

आपल्याकडचं उदाहरण आयएल अँड एफएस ह्या मोठ्या फायनान्स कंपनीचं. रस्ते, बोगदे, वीज असली वर्षानुवर्षं चालणारी कामं, आणि पैसा उचललेला बराचसा कमी मुदतीचा. केळी लावायची, पीक यायला वर्ष लागणार, आणि आडत्याची उचल मात्र दोन महिन्यांत फेडायची असं कोणी रावेर-यावलला केलं तर त्याचं काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. जोपर्यंत जुनं फेडायला नवीन उचल मिळत राहते तोवर सगळं छान, आणि ज्या दिवशी कोणी नवीन द्यायला नाही म्हणतं त्या दिवशी संपलं. २०१८ मध्ये तेच झालं. ९१ हजार कोटींच्या आसपास कर्ज, ३०० हून जास्त उपकंपन्या, आणि ऑगस्टपर्यंत रेटिंग काय, तर ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं! ऑक्टोबरच्या १ तारखेला सरकारला संचालक मंडळच बदलावं लागलं. त्या ट्रिपल एच्या भरवशावर कोणाकोणाचे प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे तिथे अडकले.

आता तुमच्या पत्रातली गोष्ट, जी तुमच्या नजरेतून सुटलीय असं मला वाटतं. तुम्ही विचारता की कर्ज घेणाऱ्या कंपनीत गुंतवावं का. ताई, तो स्टॅम्पपेपर परत वाचा. ठरलेलं १८ टक्के, ठरलेली मुदत, पुढच्या तारखांचे चेक. ह्यात तुम्हाला कंपनीचा एकही शेअर मिळत नाही, नफा ४० टक्के झाला तरी तुम्हाला १८ च. म्हणजे तुम्ही गुंतवणूकदार नाहीच, तुम्ही त्या कंपनीला कर्ज देताय. ज्या कर्जाबद्दल तुम्ही घाबरून विचारताय त्यातलं एक कर्ज तुमचंच असणार, आणि तेही विनातारण. बँकेनं दिलं असेल तर बँकेनं ऑफिस, प्रॉपर्टी, शेअर सगळं लिहून घेतलेलं असतं. उद्या गडबड झाली की आधी बँक आपलं वसूल करणार आणि उरलं तर तुम्ही. १८ च्या वर मिळालं तर मालकाचं, बुडालं तर तुमचं, अशी ही वाटणी आहे, आणि ती तुम्ही ३२ लाखांवर करताय.

दुसरं, दिरांना शांतपणे एक प्रश्न विचारा. कंपनीला बँका १०-११ टक्क्यांनी कर्ज देतायत ना, मग ती एरंडोलच्या बाईकडून १८ टक्क्यांनी का घेते? ज्याला गावात सोसायटीचं कर्ज मिळतं तो सावकाराकडे जात नाही. बँकांनी हात आखडता घेतलाय म्हणूनच महाग पैसा शोधला जातो, दुसरं कारण मला तरी सुचत नाही. आणि १८ तुम्हाला, त्यावर एजंटचं कमिशन, ऑफिसचा खर्च, म्हणजे त्यांना २२-२३ टक्के तरी दरवर्षी न चुकता कमवायला हवेत. बाजार असा दरवर्षी न चुकता कोणालाच देत नाही. मग एखाद्या वाईट वर्षी तुमचे महिन्याचे ४८ हजार कुठून येतील? नवीन आलेल्या माणसाच्या मुद्दलातूनच.

कायद्याचं पण बघा. रिझर्व्ह बँकेकडे एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली फायनान्स कंपनी, म्हणून नोंद असली म्हणजे ठेवी घ्यायची परवानगी असतेच असं नाही, ती फार थोड्यांना आहे, आणि ज्यांना आहे त्यांनासुद्धा वर्षाला १२.५ टक्क्यांच्या वर व्याज देता येत नाही. म्हणजे १८ हा आकडाच बोलका आहे. करारनाम्यात 'लोन' लिहिलं, 'भागीदारी' लिहिलं, तरी लोकांकडून असे पैसे गोळा करणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात अडकू शकतं. रिझर्व्ह बँकेची 'सचेत' नावाची वेबसाइट आहे, तिथे कंपनी शोधता येते आणि तक्रारही करता येते, कंपनी शेअर्सचं काम करते म्हणतात तर सेबीची, म्हणजे शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणीही विचारा. नाव दोन्हीकडे नसेल तर पुढचा विचार करायचाच नाही.

सोन्याबद्दल मला अजिबात मऊ बोलायचं नाही. ८ लाखांवर ७ टक्के म्हणजे वर्षाला ५६ हजार. त्यासाठी ११-१२ लाखांचं सोनं डबीतून काढून लोनवाल्याच्या ताब्यात द्यायचं, आणि कंपनीचा एक हप्ता चुकला की व्याज तुमच्या दुकानाच्या गल्ल्यातून भरायचं, नाहीतर लिलावाची नोटीस. कंपनीचं कर्ज एक, त्याच्यावर तुमचं कर्ज दोन, असा मजल्यावर मजला. १९२९ च्या मोठ्या पडझडीच्या आधी अमेरिकेत हेच चाललं होतं, गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची गुंतवणूक कंपनी निघाली, तिनं शेनान्डोआ नावाची दुसरी काढली, दुसरीनं ब्लू रिज नावाची तिसरी, प्रत्येक मजल्यावर उसना भार, आणि लोक स्वतः पण मार्जिनवर, म्हणजे उसन्या पैशानं, शेअर घेत होते. १०४ डॉलरला विकलेला पहिलीचा शेअर पुढे २ डॉलरच्याही खाली गेला. त्यातून शिकूनच तिथे १९४० साली कायदा आला की ज्यातून लोकांना मधेच फंडाकडून पैसे परत मागता येत नाहीत अशा 'क्लोज्ड-एंड' फंडानं १ डॉलर कर्ज काढायचं तर मालमत्ता ३ डॉलरची पाहिजे.

आपल्याकडे पण मर्यादा आहेत आणि त्या माहीत असल्या तर तुमच्यासारख्या कितीतरी जणांची झोप शाबूत राहील. म्युच्युअल फंडाला नफा फुगवायला कर्ज काढता येत नाही, लोक पैसे परत मागायला आले तर तेवढ्यापुरतं, मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंत आणि ६ महिन्यांसाठी. पीएमएसवाल्याला, म्हणजे गिऱ्हाईकाचे शेअर सांभाळून देणाऱ्याला, गिऱ्हाईकाच्या नावावर कर्ज काढता येत नाही. कॅटेगरी ३ चे एआयएफ म्हणून मोठ्या गुंतवणूकदारांचे फंड असतात त्यांना निव्वळ मालमत्तेच्या दुपटीपर्यंत भार वाढवता येतो, पण तिथे कमीत कमी १ कोटी टाकावे लागतात, तो आपला रस्ताच नाही. ह्याचा अर्थ म्युच्युअल फंडात धोका नाही असा काढू नका. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटननं ६ डेट स्कीम, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे लावणाऱ्या योजना, एका रात्रीत बंद केल्या होत्या, साधारण २५ हजार कोटी अडकले, त्यातल्या काहींनी लोकांचे पैसे द्यायला बँकेकडून उचललं होतं आणि पैसे येऊ लागले तसे आधी बँकेचे फिटले, लोकांना नंतर हप्त्या-हप्त्यानं मिळाले. पण मिळाले, कारण हिशोब रोज जाहीर होता आणि वर सेबी होती. तुमच्या स्टॅम्पपेपरवर कोण आहे?

आता ३२ लाखांचं. मुलीची ४ वर्षांची फी आणि होस्टेल हे तारखेचं देणं आहे, ते कोणत्याही बाजाराच्या भरवशावर ठेवू नका, वेगवेगळ्या बँकांत एफडी करा, एका बँकेत एका नावावर व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा आहे हे धरून. हा विमा बँकेला आहे, सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेला नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांनी म्हाताऱ्या माणसांना काय दिवस दाखवले ते तुम्ही पाहिलंच असणार. दुकानावर काही महाग कर्ज असेल तर ते आधी फेडा, १४ टक्क्यांचं लोन फिटणं ही १४ टक्क्यांची पक्की कमाई आहे. ७-८ वर्षं हात न लावता ठेवता येतील एवढेच पैसे साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, थोडे थोडे घाला. दिरांना कर्जावर चालणाऱ्या कंपनीचीच आवड असेल तर शेअरबाजारात नोंदलेल्या भरपूर आहेत, त्यांचा ताळेबंद उघडा असतो, स्वतःच्या भांडवलाच्या किती पट कर्ज, वर्षभरात फेडायचं किती आणि हातात रोख किती, प्रमोटरनं, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकानं, स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का, हे सगळं वाचता येतं. तिथे निदान नफ्यातही वाटा मिळतो.

राहिलं घरातलं. दीर लबाड आहेत असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा अशा माणसानं आधी स्वतःचे पैसे घातलेले असतात आणि ४-५ महिने व्याज वेळेवर आलेलं असतं, त्यामुळे तो मनापासून सांगतो. म्हणून "तुमच्यावर विश्वास नाही" असं न बोलता कागद मागा. "भाऊ, कंपनीचा दोन वर्षांचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि ठेवी घ्यायच्या परवानगीचं पत्र आणा, आपण जळगावच्या सीएला दाखवू, फी मी देते." हे मिस्टरांसमोर आणि सासूबाईंसमोर बोला, एकटीनं फोनवर नको. तुम्हाला कमिशन मिळतं का भाऊ, हेही सरळ विचारा, विचारण्यात अपमान नाही. कागद आले नाहीत तर तुम्हाला नाही म्हणावंच लागत नाही, कंपनीनंच म्हटलेलं असतं. आणि दिरांचे स्वतःचे पैसे तिथे असतील तर त्यांनाही आत्ताच काढायला सांगा, ही काळजी त्यांना कळेल.

तो १ लाख मात्र आजच मागा. व्हॉट्सॲपवर नको, स्पीड पोस्टानं मिस्टरांच्या सहीचं पत्र पाठवा की करार झालेला नाही, रक्कम १५ दिवसांत खात्यावर परत करावी. पैसे रोख दिले असतील तर पावती आणि त्या दिवशी बँकेतून काढल्याची नोंद जपून ठेवा. त्यांनी चेक दिला असेल तर तारखेपासून ३ महिन्यांच्या आत भरा, पुढची तारीख मागितली तरी थांबू नका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस असतात, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. ही मुदत चुकली की चेकची ताकद जाते. बाकीच्या लोकांचे पण असेच पैसे घेतलेत असं कळलं तर जळगावच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा, १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा त्यासाठीच आहे, आणि जाताना दिरांना बरोबर न्या, कारण कंपनीच्या माणसांचे फोन, पत्ते आणि व्याज आलेल्या खात्यांचे नंबर त्यांच्याकडेच आहेत.